पाण्याच्या ग्रुपवरचे उलटे मेसेज

मंडळी, आमच्या नगरपरिषदेचा पाण्याच्या वेळांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. लिहितो फक्त ॲडमिन. ही सोय व्हॉट्सॲपने २०१८ साली आणली आणि ती हवीच. नाहीतर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली पाण्याची वेळ कुणाला सापडली असती?

पण लोकांना बोलायचं असतंच की. ग्रुप बंद, मग मेसेज जातात ॲडमिनच्या खाजगी नंबरवर. आणि ॲडमिन कोण? पाणीपुरवठ्यातला कंत्राटी पोरगा. रात्री अकराला "नळाला गढूळ पाणी येतंय". तो तरी काय करणार?

गेल्या आठवड्यात एका मावशींनी तसाच फोटो मला पाठवला. पोराला पाठवून तीन दिवस झाले होते, घरात नातू जुलाबाने आडवा. मी अभियंत्यांना गाठलं. साहेब म्हणाले, "आमच्याकडे तक्रारच नाही." खोटं नव्हतं ते. तक्रार पोराच्या मोबाईलमध्ये होती, रजिस्टरमध्ये नव्हती. दुसऱ्या दिवशी खोदलं, तर गटाराला लागूनच पाइप फुटलेली.

पोराला नोटीस द्यायचं चाललंय म्हणे. कशाबद्दल? तक्रारी घेणं त्याचं काम आहे असं कुठल्या कागदावर आहे?

प्रत्येक निरोपाखाली कार्यालयाचा तक्रार नंबर टाका, आणि चुकून पोराकडे आलेल्या मेसेजची रजिस्टरला नोंद करून तक्रारदाराला क्रमांक द्या, असं मुख्याधिकाऱ्यांना लेखी दिलंय. पोच माझ्याकडे आहे. तुम्हीही जुने मेसेज डिलीट करू नका. स्क्रीनशॉटची प्रिंट काढा, सोमवारी आवक विभागात द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.