मेणाची डबी

सेमिनरीत पहाटे पाचची घंटा होई. आमच्या मजल्यावर बारा जणांत मिळून तीन आरसे. थंड पाण्याने दाढी उरकावी, हनुवटीवरून तुरटीचा खडा फिरवावा आणि साडेपाचला प्रार्थनामंदिरात हजर व्हावे, असा शिरस्ता होता. कोणाच्या गालावर काळपट छाया राहून गेली तर आमचे वृद्ध रेक्टर बोलत काहीच नसत. समोरून जाता जाता स्वतःच्या गालावरून एकदा बोट फिरवीत. तेवढे पुरे होई. त्या बोटाच्या धाकाने आम्ही पुढे तीस वर्षे गुळगुळीत राहिलो. त्यामुळे त्रेपन्नाव्या वर्षी त्वचारोगतज्ज्ञांनी आमच्या हातातील वस्तरा काढून घेतला, तेव्हा एखादे व्रत मोडल्यासारखे वाटले.

कारण साधेच होते. आमचे केस राठ आणि कुरळे. पाते फार खोलवर चालले की असा केस त्वचेच्या पातळीखाली तिरका कापला जातो, त्याचे टोक अणकुचीदार होते आणि वाढताना तो बाहेर न येता वळून पुन्हा कातडीत शिरतो. मग तेथे पुळी, पुळीला सूज, सुजेवर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाते. ‘‘फादर, काही करू नका. वाढू द्या,’’ असे डॉक्टर म्हणाले. काही न करणे हे आम्हांला सोपे वाटले, हे येथे कबूल केले पाहिजे.

महिन्याकाठी दाढी साधारण एक सेंटीमीटर वाढते. पहिला महिना भाविकांच्या कौतुकात गेला. दुसऱ्या महिन्यात मात्र आमच्या चेहऱ्यावर बंडाळी माजली. हनुवटीखालचे केस डावीकडे वळले, उजव्या जबड्यावरचे सरळ पुढे आले आणि गालावर जेथे भोवरा होता तेथून एक झुपका असा उभा राहिला, की धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका चिमुरडीने, ‘‘फादर, तुमच्या गालावर चिमणीने घरटे केले काय?’’ असे विचारले. वर्गाबरोबर आम्हीही हसलो. रविवारी वेदीवर मात्र हसण्यासारखे काही राहिले नाही. चषक ओठांना लावला आणि मिशीची लांबलेली टोके आधी त्यात बुडाली. चषक खाली ठेवताना एक थेंब मिशीतून ओघळून वस्त्रावर पडला. पाश्चात्त्य धर्मगुरूंनी दाढीमिशी ठेवू नये यासाठी मध्ययुगात जी कारणे दिली जात, त्यांत नेमके हे एक होते. सेमिनरीत ते ऐकताना आम्हांला डुलकी येत असे.

अर्थात परंपरेचे बोट दोन्हीकडे दाखविता येते. पूर्वेकडील मंडळींच्या धर्मगुरूंना दाढी शोभते ती शतकानुशतके. कापुचिन संन्याशांनी सोळाव्या शतकात ती आपल्या राहणीचाच भाग मानली. दुसरे जुलिअस पोप यांनी राजकीय पराभवाच्या दुःखात ठेवलेली दाढी राफाएलच्या चित्रात आजही पाहायला मिळते. सातवे क्लेमेंट यांनी १५२७ साली रोमची लूट झाल्यावर शोक म्हणून दाढी राखली. पुढे पोपमहोदयांत ती रूढच झाली आणि १७०० साली निवर्तलेले बारावे इनोसंट हे दाढी राखणारे शेवटचे पोप ठरले. हा सगळा इतिहास आम्ही एका रात्रीत वाचून काढला. पण आपल्या मिशा चषकात कशा बुडू देऊ नयेत, हे त्यात कोठेच सापडले नाही.

ते आमच्या भाच्याने शिकविले. तो मुंबईला नोकरी करतो आणि त्याच्या दाढीची निगा आमच्या चर्चच्या बागेपेक्षा बरी असते. तत्पूर्वी आम्ही खोबरेल तेलाचा प्रयोग केला होता. दुपारी ते वितळून झग्याच्या पांढऱ्या कॉलरवर उतरे आणि थंडीतल्या पहाटे बाटलीत गोठून बसे. चोवीस अंशांच्या आसपास खोबरेल थिजते. शिवाय तेलाने केस मऊ होतो, पण एका जागी बसत नाही. भाच्याने तीन डब्या टेबलावर मांडल्या : एकात तेल, दुसऱ्यात बाम, तिसऱ्यात मिशांचे मेण. ‘‘फादरमामा, दाढीशी भांडायचे नाही. आधी तिला भिजवायचे,’’ असे म्हणून त्याने आम्हांला आमच्याच खुर्चीवर बसविले.

भिजविण्यात खरे शास्त्र आहे. केसाला जो आकार असतो तो धरून ठेवणारे काही दुवे पाण्याने सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. वाळताना तो ज्या स्थितीत असेल तीच तो धरतो. म्हणून ओल्या दाढीतून लाकडी फणी फिरवायची. कोरड्या, गुंतलेल्या केसांत ती घातली तर केस तुटतात आणि बंडखोरांची संख्या वाढते. मग दाढी किंचित दमट असताना वाटाण्याएवढा बाम तळहातांत घासून पातळ करायचा. तो आधी खालून वर, उलट्या दिशेने मुळांपर्यंत पोहोचवायचा आणि नंतर केसांच्या कलाने खाली आणायचा. मिशीसाठी मेण नखाने खरवडून घ्यायचे, तेही तांदळाच्या दाण्याएवढेच. नाकाखालच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना न्यायचे आणि टोकांना हलका पीळ द्यायचा. भोवऱ्यावरचा झुपका मात्र कशालाच दाद देत नव्हता. भाच्याने तो कात्रीने उतरविला. काही केसांचे वळणच असे असते, की त्यांना समजावण्यात वेळ घालवू नये.

डबीवरील घटकांची यादी वाचताना आम्ही थबकलो. पहिलाच घटक मधमाशीचे मेण. म्हणजे हे आमच्याच घरचे! ईस्टरच्या आदल्या रात्री पास्काच्या मेणबत्तीपुढे जे स्तुतिगान होते, त्यात मधमाश्यांच्या श्रमांचा उल्लेख आहे. तो आम्ही प्रतिवर्षी गात आलो आहोत. पुढच्या वेळी साडेतीनशे रुपयांची डबी विकत घेण्याऐवजी आपणच ती बनवावी, असे मनाने घेतले. आमचा साक्रिस्तान गतवर्षीच्या पास्काच्या मेणबत्तीचे बुडखे घेऊन आला, पण आशीर्वादित मेण मिशीला फासण्याचे धाडस आम्हांला झाले नाही. बाजारातून शुद्ध मेण आणले. त्यात मालवणकडील एका कुटुंबाने दिलेले कोकमतेल घातले. हे टाचांच्या भेगांवर लावतात, ते वाचकांना ठाऊक असेलच. कोकमतेल अंगाच्या उष्णतेला मऊ होते, तर मधमाशीचे मेण बासष्ट-चौसष्ट अंशांपर्यंत वितळत नाही. म्हणून एकाने बाम पसरतो आणि दुसऱ्याने टिकतो. एक चमचा मेण, दोन चमचे कोकमतेल, तीन चमचे खोबरेल. भांडे गरम पाण्यात ठेवून सारे पातळ करायचे. स्वयंपाकघरातील मावशींचे चहाचे पातेले या कार्यी कामास आले. ते अद्याप निघालेले नाही आणि मावशींचा अबोला आठवडाभर टिकला.

याच सुमारास धाकट्या भावाचा फोन आला. आमचे वडील शहाऐंशी वर्षांचे आहेत. केळीच्या आणि पानवेलीच्या वाडीत त्यांचे आयुष्य गेले, पण दिवसाआड दाढी केल्याशिवाय ते कधी उंबरठ्याबाहेर पडले नाहीत. गतवर्षी त्यांची उजवी बाजू लकव्याने गेली. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या सुरू असल्याने घरातील कोणी पात्याला हात लावीना. जराशी चीर पडली तरी रक्त थांबत नसे. दाढी वाढत गेली. तिच्यात पेज सुकू लागली, मिशा तोंडावर आल्या. कोणी भेटायला आले की ते भिंतीकडे वळत. तेथील धर्मगुरू ख्रिस्तप्रसाद घेऊन दोनदा आले आणि दोनदा परत गेले. ‘‘अशा तोंडाने नको,’’ एवढेच वडील म्हणाले होते. आम्ही शेकडो आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद दिला आहे. त्या वाक्यावर उपदेश करणे आम्हांला अवघड नव्हते.

आम्ही उपदेश केला नाही. डबी, फणी आणि गोल टोकाची कात्री घेऊन गेलो.

सांगावयाचे म्हणजे, वडिलांच्या चेहऱ्याला आम्ही तोपर्यंत कधी स्पर्श केला नव्हता. आमच्या घरात ती रीत नव्हती. त्यातून १९९७ साली आमची गुरुदीक्षा झाली, त्या दिवसापासून ते आम्हांला ‘फादर’ आणि ‘तुम्ही’ असेच म्हणत. जेवायला बसा, फादर. पंखा लावू का, फादर. आईच्या दफनाच्या दिवशीसुद्धा.

कोमट पाण्याचा पंचा त्यांच्या दाढीवर दहा मिनिटे ठेवला तेव्हा सुकलेली पेज सुटू लागली. गुंता टोकांकडून सोडवीत मुळांकडे गेलो. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. गालाचे हाड आमच्या बोटांना इतके जवळ लागले की हात थरथरू लागला, म्हणून क्षणभर थांबलो. मिशी ओठाच्या रेषेवर कापली. बाम लावताना त्यांनी नाक हलविले आणि विचारले,

‘‘कोकम?’’

‘‘होय.’’

‘‘टाचांना लावायचे ते?’’

भावजय दारात उभी होती. ती हसली, मग आत निघून गेली.

डाव्या हाताने त्यांनी आरसा मागितला. बराच वेळ पाहिले. मग आरसा खाली न ठेवताच म्हणाले, ‘‘उजवीकडे पडली आहे. जरा पीळ दे.’’

पीळ दे. आम्ही तांदळाच्या दाण्याएवढे मेण नखावर घेतले. लकव्याने तोंड त्या बाजूला ओघळले होते. मिशीचे टोक वर उचलायला तीनदा प्रयत्न करावा लागला. त्यानंतर हात धुतले, गळ्यात स्टोला घातला आणि पेटी उघडली. त्यांनी तोंड उघडले.

डबी तेथेच ठेवून आलो. पुढच्या पहिल्या शुक्रवारी गेलो तेव्हा ती त्यांच्या उशाखाली होती, अर्ध्याहून अधिक संपलेली. इतक्या लवकर कशी संपली, असे भावजयीला विचारले. ‘‘ते टाचांनाही लावून घेतात,’’ ती म्हणाली.