पेटीत काय असावे?

जुन्या लोकप्रिय गायकांची गाणी, त्यांची बाजूला पडलेली ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे आणि पुस्तिका एका पेटीत घालून विकण्याची प्रथा पाश्चात्त्य संगीतव्यवसायात रुजली आहे. या पेटीला बॉक्स सेट म्हणतात. वरवर पाहता हा जुन्या मालाला नवे वेष्टन चढवण्याचा व्यवहार. ज्या चाहत्याने तीच गाणी आधी तबकडीवर, मग कॅसेटवर, पुढे सीडीवर घेतली, तो चौथ्यांदा खिशात हात का घालतो, हा प्रश्न कोणत्याही व्यापाऱ्यास पडावा.

गाणी तर त्याच्याकडे असतातच. त्याला हवा असतो त्यांच्या घडणीचा हिशेब. ताळेबंद पाहून झाला, आता खाडाखोडीसह रोजकीर्द पाहायची असते.

अमेरिकेतील ‘बीच बॉईज’ या वाद्यवृंदाच्या ‘स्माईल’ची कथा या दृष्टीने बोलकी आहे. १९६६ साली चोवीस वर्षांच्या ब्रायन विल्सन यांनी कवी व्हॅन डाईक पार्क्स यांच्यासह हा संग्रह रचण्यास घेतला. गाण्याचे लहान लहान तुकडे निरनिराळे मुद्रित करायचे आणि मग जोडायचे, ही त्यांची पद्धत. मुखपृष्ठेही छापून झाली. परंतु १९६७ मध्ये काम थांबले. ‘स्माईल’ बाजारात आलेच नाही.

चाहते मात्र थांबून राहिले. २००४ साली विल्सन यांनी नव्या वादकांसह ही रचना पूर्ण केली; तरी मूळ आवाजांची ओढ शिल्लकच होती. अखेर २०११ मध्ये ‘द स्माईल सेशन्स’ ही पेटी आली. १९६७ मध्ये पंधरा वर्षांचा असलेला श्रोता तोवर एकोणसाठ वर्षांचा झाला होता. वाद्यवृंदातील ब्रायन यांचे दोन्ही धाकटे भाऊ, डेनिस आणि कार्ल, हयात नव्हते.

त्या पेटीतील पाच सीडींपैकी एक संपूर्ण सीडी ‘गुड व्हायब्रेशन्स’ या एकाच गाण्याच्या मुद्रणांना दिलेली आहे. तरुण ब्रायन वादकांना सूचना देतात, वादक चुकतात, पुन्हा आरंभ होतो. जिथे त्या काळी स्वर भरायचे राहिले होते, तिथे कोणी नव्याने गाऊन ते भरले नाहीत. अपूर्ण ते अपूर्णच ठेवले. चाहत्यास हाच प्रामाणिकपणा अपेक्षित असतो.

त्याची तक्रारही येथूनच उद्भवते. ‘बीटल्स’ने १८ जुलै १९६८ रोजी ‘हेल्टर स्केल्टर’चे एक मुद्रण सत्तावीस मिनिटांहून अधिक लांबवले होते. २०१८ मध्ये त्या संग्रहाची पन्नास वर्षांनिमित्तची पेटी निघाली. तीत त्याच दिवसाचे सुमारे तेरा मिनिटांचे मुद्रण आले, ते लांबलेले आले नाही. पेटी उत्तम होती. तरीही कित्येकांच्या मनात ती सत्तावीस मिनिटेच राहिली. वहीतील एक पान फाडलेले दिसले की उरलेल्या शंभर पानांपेक्षा तेच डोळ्यांत भरते.

निर्मात्यांचीही बाजू आहे. कलावंताने जे बाजूला ठेवले, ते उघड करण्याचा अधिकार कोणाचा? सारेच ऐकण्याजोगे असते असेही नाही. एकच गाणे विसाव्यांदा ऐकताना निस्सीम चाहताही कंटाळतो. तरीही ते वगळलेले त्यास चालत नाही. निवड करण्याचे काम त्याला स्वतःकडे हवे असते.

यामागे केवळ संग्रहाची हाव नसावी. ज्या गाण्यांबरोबर मनुष्य वाढला, ती त्याला इतकी पाठ असतात की त्यांत नवे काही घडत नाही. अशा वेळी साठीकडे झुकलेल्या श्रोत्याला गाणे पुन्हा अनिश्चित झालेले ऐकू येते: सूर अजून ठरलेला नाही, कोणी हसतो, कोणी पुन्हा मोजणी सुरू करतो, आणि गेलेले भाऊ एकाच खोलीत गात असतात. पेटीची किंमत तो त्या काही क्षणांसाठी मोजतो.