आत्याचे आडवे तास

यवतमाळात मी लहानाची मोठी झाले ती निळोणा आणि चापडोह धरणांच्या पाण्यावर. 2018च्या उन्हाळ्यात दोन्ही तळाला गेली, तेव्हा साऱ्या शहराला त्या पाण्याची किंमत कळली. ते पाणी नितळ कशानं राहतं, हे मात्र मला आत्यानं फार आधी दाखवलं होतं.

तिचं वावर निळोण्याकडे उतरणाऱ्या नाल्याला लागून. पऱ्हाटी कायम उताराला आडवी पेरायची. डवरणीच्या वेळी डवऱ्याला दोरी गुंडाळायला लावायची. तासातासांत सरी पडायची, पाऊस तिथंच मुरायचा. डीएपी वरून फेकू द्यायची नाही, पेरतानाच मातीआड. युरिया थोडा थोडा करून, आणि आभाळ भरून आलं असलं तर पोतं फोडायचंच नाही. नाल्याकाठचे शेवटचे तास ती पेरतच नसे, तिथं गवत वाढू द्यायची. कोरडवाहू घरात एवढी जमीन सोडणं सोपं नव्हतं. त्यापायी तिनं घरच्यांची बोलणी खाल्ली.

"वाहून गेलेलं खत पऱ्हाटीले नाही भेटत बाई, धरणाले भेटते," ती म्हणायची.

पुढे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकताना त्यामागचं शास्त्र उमगलं. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून राहतं, माती वाहिली की तेही जातं. गवत पाण्याचा वेग मोडतं, गाळ तिथंच बसतो. नायट्रेट मात्र पाण्यात विरघळतं, निव्वळ गवताला पुरतं आवरत नाही. म्हणून खताची वेळ आणि हप्ते सांभाळायचे. स्फुरद आणि नायट्रेट धरणात पोचली की शेवाळ माजतं, मरून कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू संपवतं. ऑगस्ट 2014मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराला नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं, ते ईरी सरोवरातल्या अशाच विषारी शेवाळामुळे. त्याला पोसणारं स्फुरद मुख्यतः शेतांतून आलेलं होतं.

आम्ही शहरातले पाणीपट्टी भरतो, आत्याच्या त्या पडीक तासांचं कुणी काही देत नाही. त्या पट्ट्याचा मक्ता शहरानं द्यावा, असं मी ठामपणे मांडते. आत्याला हे सांगितलं.

"पैशाचं मंग पाहू," ती म्हणाली. "आधी वरच्या वावरवाल्यायले आडवं पेराले सांग."