साखर थोडी वर राहू दे

अण्णांची उपाशीपोटी साखर ११०च्या वर गेली की मला चैन पडत नसे. आकडा जितका खाली तितकं चांगलं, असं माझं पक्कं मत होतं. आज मी नेमकं उलट म्हणतो. ऐंशीला टेकलेल्या, इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर थोडी वर राहिली तरी चालेल, खाली जाता कामा नये.

या बदलाची सुरुवात एका एकादशीला झाली. दुपारी साबुदाण्याची खिचडी, रात्री नुसतं ताक, आणि मिक्स इन्सुलिन मात्र रोजच्याच मापाचं. पहाटे तीनला अण्णा दाराची कडी काढत होते. ‘एसटी चुकेल,’ म्हणाले. घाम नाही, थरथर नाही. वयामुळे भ्रम होत असेल, असंच मी धरून चाललो. आईने ग्लुकोमीटर आणायला लावला. ४८! चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिलं तर ८१, आणि अण्णा विचारत होते, ‘तुम्ही सगळे जागे कसे?’

डॉक्टरांनी नंतर समजावलं. म्हातारपणी साखर उतरल्याच्या खुणा बदलतात. घाम आणि धडधड कमी, गोंधळ, चिडचिड, तोल जाणं जास्त. रक्तदाबाच्या काही गोळ्या तर धडधड जाणवूच देत नाहीत. मूत्रपिंडं मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. वाढलेली साखर डोळे आणि किडनी बिघडवते ती वर्षानुवर्षांनी. उतरलेली साखर एका रात्रीत माणसाला मोरीत पाडते, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं तर पुढचं काही सांगता येत नाही.

तरी मी वाद घातलाच. तेव्हा त्यांनी अ‍ॅकॉर्ड चाचणीबद्दल सांगितलं. अमेरिका आणि कॅनडातल्या दहा हजारांवर मधुमेहींपैकी एका गटाचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६च्या खाली आणायचा प्रयत्न तिथे चालला होता. त्या गटात मृत्यू जास्त दिसले, म्हणून २००८मध्ये हे कडक उपचार मुदतीआधीच थांबवावे लागले. अनेक आजार सोबत असलेल्या वृद्धांसाठी आता ८च्या आतलं एचबीएवनसी पुरेसं मानतात. हे ऐकल्यावर माझ्याकडे बोलायला फारसं उरलं नाही.

डॉक्टरांनी रात्रीचं माप उतरवलं. ताट पुढ्यात आल्याशिवाय आम्ही सुई टोचत नाही. उपवास सोडायला अण्णा तयार नाहीत आणि तसा हट्ट मीही धरत नाही. त्या दिवशी किती युनिट घ्यायचं ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवतो. एचबीएवनसी ७.८ आहे, आणि मला ते पटलं आहे.

पुण्याच्या ताईला अजून पटलेलं नाही. ‘उपाशीपोटी १४०? आणि तू गप्प?’ असा तिचा फोन येतो. पुढच्या तपासणीला तिलाच घेऊन जाणार आहे. तिने हे सगळं डॉक्टरांना स्वतः विचारावं.