पन्नास खुर्च्यांचं गाणं

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते. कोऱ्या कपड्यांचा नि अत्तराचा वास, ओळखीपाळखीच्या हाका आणि स्पीकरवरून येणारं पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं गाणं. त्या गर्दीत खांद्याला गिटार अडकवलेली मुलंमुलीही दिसतात. कुणाच्या वहीत स्वतःची गाणी असतील, पण ती ऐकवायला जागा कुठली? जुन्या गाण्यांवर माझा राग नाही. राग आहे तो फक्त त्यांनाच ‘वन्स मोअर’ देणाऱ्या आपल्या सवयीवर. ठाण्याला गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह आहे, डोंबिवलीला फुले कलामंदिर, कल्याणला अत्रे रंगमंदिर. तरी स्वतः लिहून, चाल लावून, स्वतःच गाणाऱ्याला यांतलं एकही घर आपलं वाटणार नाही. त्याला हवी पन्नास खुर्च्यांची खोली. ओळखीचं गाणं दूरवरूनही कानात शिरतं, कारण ऐकणारा त्याची अर्धी बाजू आठवणीने भरून काढतो. नव्या गाण्याला ही उसनवारी मिळत नाही. तिथे ओळीआधी घेतलेला श्वास, तारेवरून सरकलेल्या बोटाची बारीक किरकिर, एखाद्या शब्दाशी अडखळलेला आवाज, सगळंच अर्थ पोचवतं. दुसऱ्या रांगेतल्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, हे गाणाऱ्यालाही दिसतं, आणि पुढचं कडवं तो सावकाश घेतो.

यावर कुणी म्हणेल, लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा वेगवेगळा असण्यातच आपलं भावगीत फुललं. खरं आहे. ठाण्याचे नगराध्यक्ष राहिलेले पी. सावळाराम यांचे शब्द वसंत प्रभूंच्या चालींतून आणि लता मंगेशकरांच्या गळ्यातून घराघरांत गेले. त्यात उणं काढावं असं काही नाही. पण नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मोठेपणी अक्षरं शिकले, स्वतः रचत गेले आणि वस्त्यावस्त्यांत उभे राहून स्वतःच गात गेले. आपल्या गाण्यासाठी ते दुसऱ्या गळ्याची वाट बघत थांबले असते, तर ते गाणं इतक्या लोकांपर्यंत गेलं असतं का? कवीने स्वतःची कविता गावी की नाही, हा वादही आपल्याकडे जुनाच. १९२३ साली पुण्यात जमलेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायन गाजवलं, आणि दोनच वर्षांनी ‘झेंडूची फुले’ या विडंबनसंग्रहात अत्र्यांनी त्या कवींची यथेच्छ टर उडवली. कल्याणच्या रंगमंदिराला नाव त्याच अत्र्यांचं! तरी कवी गायचे थांबले नाहीत.

दुसरा आक्षेप पैशाचा. पन्नास तिकिटांत हॉलचं भाडंही सुटत नाही. शिवाय २००३ पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी स्वतःच्या गाण्यांवर नाट्यगृहं भरून दाखवलीच आहेत. पण हजार माणसं जमवण्याआधी गाणाऱ्याला पहिल्या पन्नासांसमोर चुकायला मिळालं पाहिजे, आणि त्यासाठी नवं बांधकाम नको. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. शब्दांसाठी लोकांनी उभारलेल्या अशा जागांतून महिन्यातली एक संध्याकाळ द्यावी, सतरंजी अंथरावी, तिकिटाऐवजी डबा फिरवावा. माइकही नको.

माइकवाचून होतं का, असं विचारणाऱ्याने सकाळच्या लोकलमधलं भजनी मंडळ ऐकावं. कल्याणहून निघताना टाळ वाजू लागतात, ढोलकी नसली तर डब्याचा पत्रा तळहाताने घुमतो. खिडकीतला माणूस पेपर गुडघ्यावर ठेवतो. ठाण्याला गर्दी आत घुसते, टाळ छातीशी धरले जातात, हात हलवायलाही जागा उरत नाही. मग टाळांशिवायच, नुसत्या आवाजावर, पुढचं कडवं सुरू होतं.