माझी पट्टी

फसवणूक कळली की आधी मोडतो तो भूतकाळ. पुढचे दिवस रेटता येतात. मागची वर्षं मात्र जागेवर राहत नाहीत. लेकीचं बारसं, वास्तुशांत, महाबळेश्वरचा पाऊस; एकेका आठवणीपाशी जाऊन मी विचारायची, तेव्हाही का?

वकीलबाईंनी नीट समजावलं : 2018च्या निकालानंतर व्यभिचार हा गुन्हा उरलेला नाही, घटस्फोटाचं कारण मात्र आहे. म्हणजे सुटका होती. पण सुटून जाणारी बाई कोण, हेच मला ठाऊक नव्हतं. कुणाची आवड, कुणाची वेळ, कुणाचं पथ्य सांभाळण्यात ती कुठे राहिली होती?

माळ्यावर तानपुरा होता, मिरजेचा, बाबांनी लग्नात दिलेला. सकाळी घरात आवाज नको म्हणून रियाज सुटला, मग सासूबाईंचं आजारपण, मुलांच्या परीक्षा. गवसणीवर धूळ साचत गेली. तो घेऊन मी मिरज गाठलं. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण वाद्यं घडवण्याची ही विद्या तिथे पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात आली आहे. कारागिरानं भोपळ्यावर बोटं वाजवून पाहिली. "ताई, भोपळा शाबूत आहे. जवारी तेवढी गेलीय." त्यांनी घोडी हलक्या हातानं घासली, तारेखाली सुती दोरा ठेवला आणि केसभर पुढे-मागे सरकवत राहिले. एका जागी तार एकदम बोलू लागली.

"पट्टी कुठली?"

"काळी चार," मी सवयीनं म्हणाले. गाऊन पाहिलं, तार षड्जाला गळा ताणला. त्यांनी काही न बोलता खुंट्या उतरवल्या. काळी तीनला आवाज बसला, आणि खाली मंद्रात, जिथे पूर्वी माझा सूर पातळ व्हायचा, तिथे तो भरून आला.

मी लग्नाआधीची ती मुलगी शोधत होते. ती परत येणार नाही, हे तिथे पटलं. वयानं, दुःखानं आवाज उतरला आहे, पण उतरलेल्या पट्टीतही तिन्ही सप्तकं असतात. विश्वासघातानं माझं पुष्कळ नेलं. हा षड्ज त्याच्या आवाक्यात कधी नव्हता.

राग अजून आहे आणि तो खरा आहे. कोर्टाच्या तारखा पडतात, मी जाते. पहाटे दार उघडं ठेवून खर्ज भरते. अर्धवट राहिलेल्या विशारदचा अर्जही भरला आहे.