आबिड्सच्या फुटपाथवरचा बुडालेला डोंगर

परवा एका लग्नाच्या निमित्ताने हैदराबादला जाणे झाले. लग्न शनिवारी होते आणि परतीची गाडी रविवारी संध्याकाळची. काचीगुड्याला पाहुण्यांच्या घरी बायकांच्या गप्पा रंगलेल्या पाहून मी हळूच चपला घातल्या. सौभाग्यवतींनी दारातून विचारले, "यल्लि होंटिरी?" म्हटले, "आबिड्सला." एवढ्यावर त्यांना सारे कळले. रविवार, आबिड्स आणि आमचे हे, म्हणजे जुनी पुस्तके. "आणखी ओझे आणू नका," एवढेच त्या म्हणाल्या.

बीदर, भालकी, औरादकडच्या आपल्या लोकांना हैदराबाद परके नाही. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो. माझ्या वडिलांचे सुरुवातीचे शिक्षण उर्दूत झाले. घरात मराठी, दारात कन्नड आणि हिशोबात उर्दू अशी त्यांची वाटणी होती. कापड, औषध, पुस्तक, चष्मा, काहीही चांगले हवे असले की ते म्हणायचे, "आबिड्सला मिळेल." हे आबिड्स नाव पडले ते अल्बर्ट आबिद या गृहस्थांवरून. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या पदरी ते होते आणि त्यांचे दुकान या भागात होते. दुकान गेले, मालक गेले, निजामही गेले. नाव मात्र चौकाला चिकटून राहिले.

बीदरहून बसने निघालात तर खिडकीतून एक गंमत पाहता येते. आपले बीदर उभे आहे ते जांभ्या दगडाच्या सपाट पठारावर. किल्ला त्याच लाल दगडाचा, खंदक त्याच दगडात खोदलेला. या लाल टोपीखाली काळा बेसाल्ट, म्हणजे दख्खनच्या लाव्हारसाचा दगड. जहीराबाद मागे पडते, संगारेड्डी येते आणि लाल-काळे संपून करड्या गुलाबी ग्रॅनाइटचे गोल धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे दिसू लागतात. आपला काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, तर हैदराबादचा ग्रॅनाइट दोनशे कोटी वर्षांहूनही जुना. तीन-चार तासांच्या प्रवासात माणूस एवढा काळ ओलांडतो आणि आपण मात्र बसमध्ये झोपा काढतो.

आबिड्सला रविवारी दुकाने बंद असतात. त्या बंद शटरसमोर फुटपाथवर पुस्तके मांडली जातात. जनरल पोस्ट ऑफिसच्या आसपास चालत राहावे. इंजिनिअरिंगचे गठ्ठे, इंग्रजी कादंबऱ्या, उर्दू दिवाण, तेलुगू मासिके, कुणाच्या तरी वाचनालयाचे शिक्के असलेले कोश, सारे एका चादरीवर. २००२ साली मी एम.ए. भूगोल करत होतो तेव्हा वडील मला येथे घेऊन आले होते. तेव्हा एका चादरीवर डी. एन. वाडिया यांचे 'जिऑलॉजी ऑफ इंडिया' मिळाले. विक्रेता दोनशे म्हणाला, वडिलांनी त्याच्याशी अस्सल दख्खनीत अर्धा तास हुज्जत घातली आणि दीडशेला घेतले. संध्याकाळी घरी आल्यावर पहिल्या पानावर त्यांनी उर्दू लिपीत माझे नाव आणि तारीख लिहिली. वडील आता नाहीत. आणि ते पुस्तकही माझ्याकडे नाही. त्याचीच ही गोष्ट आहे.

२००९ च्या पावसाळ्यात मी बी.ए.च्या वर्गाला सागरतळाची रूपे शिकवत होतो. त्यात एक रूप येते गायॉट. कोणी त्याचा उच्चार गीयो असाही करतो. समुद्राच्या तळाशी असलेला, सपाट माथ्याचा ज्वालामुखी पर्वत. परीक्षेला दोन गुणांची टीप. मी माझ्या एम.ए.च्या वहीतून सांगत होतो: हॅरी हेस हे अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्राध्यापक दुसऱ्या महायुद्धात नौदलात गेले. 'केप जॉन्सन' जहाजावर असताना त्यांनी खोली मोजण्याचे यंत्र प्रवासभर चालू ठेवले. यंत्राचे तत्त्व सोपे. जहाजातून आवाज खाली सोडायचा आणि प्रतिध्वनी किती वेळाने येतो ते पाहायचे. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. प्रतिध्वनीला चार सेकंद लागले तर जायला दोन, यायला दोन, म्हणजे तळ तीन हजार मीटर खोल. कागदावर उमटणाऱ्या रेषेत हेस यांना मधेच डोंगर दिसू लागले, आणि त्यांचे माथे जणू करवतीने कापल्यासारखे. १९४६ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडले आणि प्रिन्स्टनचे जुने भूगोलतज्ज्ञ आर्नोल्ड गायॉट यांचे नाव त्यांना दिले.

माथा सपाट कसा झाला? ज्वालामुखी तळातून उसळत उसळत पाण्यावर येतो आणि बेट होते. आग विझते. मग लाटा शतकानुशतके बेटाचे डोके घासून सपाट करतात. खालचे भूकवच थंड होत जाते तसे जड होऊन खचते, आणि आपल्या पाठीवरचे बेट घेऊन खोल जाते. हेस यांना प्रथम वाटले होते की ही बेटे अतिप्राचीन, प्रवाळ जन्मण्यापूर्वीची असावीत. १९५० मध्ये प्रशांत महासागरातल्या मोहिमेत अशा माथ्यांवरून दगड खरवडून वर काढले, तेव्हा त्यात डायनोसॉरच्या काळातल्या उथळ पाण्यातील जीवांचे अवशेष सापडले. म्हणजे बेटे हेस यांच्या अंदाजापेक्षा पुष्कळच अलीकडची निघाली. पण ती एकदा उन्हात होती, हे मात्र पक्के झाले.

शेवटच्या बाकावरून एक मुलगा उठला. औराद तालुक्यातल्या खेड्यातला, घरी कोरडवाहू शेती, कन्नड माध्यमातून आलेला. विचारले, "सर, नम्म समुद्रदाग इल्लेन्री?"

मी वही पाहिली. वहीत प्रशांत महासागर लिहिले होते. म्हणालो, "नाही. हे प्रशांतमध्ये असतात. खाली बैस."

तो बसला. पण तास संपल्यावर स्टाफरूमच्या दारात आला आणि भारताच्या दगडांविषयी एखादे पुस्तक द्या म्हणाला. मी वाडियांचे पुस्तक दिले. तो पदवी घेऊन गेला आणि पुस्तक काही परत आले नाही. पुढे वडील गेले आणि ते पहिले पान मला फार आठवू लागले. खोटे कशाला बोलू, त्या मुलाविषयी मनात अढी बसली. स्टाफरूममध्ये कोणी पुस्तक मागितले की मी हीच हकिगत सांगून नाही म्हणत असे.

मग २०२४ मध्ये वर्तमानपत्रात एक बातमी आली. हिंदी महासागराच्या तळावरील तीन रचनांना अशोक, चंद्रगुप्त आणि कल्पतरू ही भारताने सुचवलेली नावे आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाली. काम गोव्यातील ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचे. बातमीच्या शेवटी आधीची नावे होती: रमण, पणिक्कर, सागरकन्या आणि वाडिया गायॉट.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. 'सागरकन्या' या आपल्या संशोधन जहाजाला १९९२ मध्ये तो आढळला आणि १९९३ मध्ये त्याला वाडियांचे नाव मिळाले. तो प्रशांतमध्ये नाही, अरबी समुद्रात आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर, लक्ष्मी बेसिन नावाच्या खोल भागात, रमण आणि पणिक्कर यांच्या जवळजवळ रांगेत. म्हणजे मी वर्गात "नाही" म्हणालो तेव्हा त्याचे बारसे होऊन सोळा वर्षे झाली होती! माझी वही जुनी होती आणि मी ती तपासली नव्हती. मुलाने मात्र नेमका प्रश्न विचारला होता.

आणि नाव कोणाचे, तर ज्यांचे पुस्तक मी त्याच्या हातात दिले त्यांचेच. वाडिया हे १८८३ साली सुरतेला जन्मलेले पारशी. शिक्षण बडोद्यात. १९०७ मध्ये ते जम्मूच्या कॉलेजात शिकवायला लागले, म्हणजे आमच्यासारखेच कॉलेज मास्तर. सुट्ट्यांत हातोडी घेऊन डोंगर हिंडायचे. कॉलेजात असतानाच त्यांचे हे पुस्तक १९१९ मध्ये निघाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात ते त्यानंतर, १९२१ मध्ये गेले. पुढे हिमालयाच्या रचनेवरील कामासाठी जगाने त्यांना ओळखले, १९५७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले, डेहराडूनच्या हिमालय संशोधन संस्थेला त्यांचे नाव आहे. आयुष्यभर हिमालय चढलेल्या माणसाच्या नावाचा डोंगर समुद्रात बुडालेला असावा! त्यांच्या १९१९ च्या पुस्तकात गायॉट हा शब्द असणेच शक्य नव्हते; तो शब्द जन्मला सत्तावीस वर्षांनी.

आपले बीदरही सपाट माथ्याचेच. पण दोन्हींची कारणे वेगळी. आपल्या पठारावर जांभ्याची कठीण टोपी बसली म्हणून भोवतालचे झिजले आणि माथा टिकला. गायॉटचा माथा टिकला नाही, लाटांनी तो घासून नेला आणि उरलेला डोंगर खाली गेला. एक वाचला म्हणून सपाट, दुसरा झिजला म्हणून सपाट. नुसत्या आकारावरून निकाल देऊ नये. माणसांच्या बाबतीतही हे मला उशिरा कळले.

तर त्या रविवारी मी चादरीमागून चादर पाहत वाडिया शोधत होतो. एक वयस्क विक्रेते म्हणाले, "पत्थरां की किताब आजकल कौन पढते साब?" मी म्हटले, पढनेवाले हैं. त्यांनी दोन गठ्ठे सोडून दाखवले. वाडिया निघाले नाहीत. दुसरेच एक पुस्तक पुढे केले तर मी नक्को म्हटले. आपला 'नको' तिकडे जाऊन वजनदार झाला आहे.

फुटपाथच्या कडेला उभा राहून मी फोन काढला. जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकाकडून त्या मुलाचा नंबर मिळवून महिना झाला होता, पण लावण्याचे धाडस होत नव्हते. लावला. आवाज ओळखून तो गडबडला. मी काही म्हणण्यापूर्वीच म्हणाला, "सर, पुस्तका नन्न हत्राने अद री." खेड्यातल्या शाळेत तो शिक्षक आहे. मुलांना पुस्तकातले नकाशे दाखवतो. परत करायला दोनदा बीदरला आला होता, पण एवढ्या वर्षांनी कसे यावे म्हणून स्टँडवरूनच परत गेला. पहिल्या पानावर उर्दूत काही लिहिलेले आहे, ते घरचे असणार हे त्याला कळत होते.

मी म्हणालो, "पुस्तकासाठी फोन नाही केला. तू एकदा विचारले होतेस, आपल्या समुद्रात आहे का. आहे. मी चुकलो होतो."

पलीकडे थोडा वेळ आवाज नाही. मग विचारले, "त्याचे नाव काय, सर?"

"तुझ्याजवळच्या पुस्तकाच्या कव्हरवर आहे, वाच."

दिवाळीला तो पुस्तक घेऊन येणार आहे. मी ते पहिले पान पाहीन, आणि पुस्तक त्याला परत नेऊ देईन. तिथे त्याचे काम चालू आहे.

सौभाग्यवतींना रिकामे हात पाहून आश्चर्य वाटले. घरी आल्यावर एम.ए.ची वही काढली. 'गायॉट : प्रशांत महासागर' या ओळीखाली लिहिले, 'अरबी समुद्र : वाडिया गायॉट, १९९३'. शाई वेगळी दिसते. दिसू दे.